टर्कीला मका घालू का?

*पत्र:*

नमस्कार,

दोन वर्षांपूर्वी आम्ही ऑस्टिनपासून दीडेक तासावर, लानोच्या थोडं अलीकडे साठ एकर रान घेतलं. ओढा आहे, ओढ्याकाठी पेकनची (अक्रोडाच्या जातीची) जुनी झाडं आहेत, बाकी ओक, सीडर आणि गवत. हिवाळ्यात त्या पेकनवर तीस-चाळीस रानटी टर्की पक्षी रात्रीच्या मुक्कामाला असतात. मार्च लागला की पांगतात. गेल्या जुलैत एकच मादी दिसली, तिच्यामागे दोन पिल्लं. शेजारचे रँचवाले आजोबा म्हणतात, "मक्याचा फीडर लाव, सगळ्या इथेच राहतील." माझे वडील संगमनेरला लेयरची, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची पोल्ट्री चालवायचे, सध्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. त्यांचं म्हणणं, नुसता मका नको, लेयर मॅश आणि शिंपल्याची पूड घाल. खुराक तशी अंडी. बायको म्हणते, रानातल्या पाखराला खायला घालायचंच नाही. त्यात काउंटीच्या टॅक्ससाठी 'पूरक खाद्य' हा मान्य उपाय आहे असं ऐकलं. जाता जाता, वडिलांना इथे चार कोंबड्याही पाळायच्या आहेत. कोणाचं ऐकू?

— साठ एकरवाला, टेक्सस

*उत्तर:*

साठ एकरवाले,

अंडी वाढावीत म्हणून फीडर लावणार असाल तर लावू नका. हिवाळ्यात चार टर्की जवळून बघायची हौस असेल तर त्यावर बोलता येईल, पण मार्च ते जुलै तो बंदच हवा. आता का ते सांगतो, आणि सुरुवात तुमच्या वडिलांपासून करतो, कारण तुमच्या घरात कोंबडीवर्गातल्या पक्ष्यांचं सर्वांत जास्त कळतं ते त्यांना.

पोल्ट्रीत त्यांचा हिशोब शंभर टक्के बरोबर होता. लेयरची कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. तिला सोळा तास उजेड मिळतो, तिचं अंडं रोज उचललं जातं, ती खुडूक होत नाही, तिच्या पिंजऱ्यात साप शिरत नाही. तिथे अंड्याला मर्यादा पडते ती खाद्याचीच. प्रोटीन दोन टक्के घसरलं की ट्रे रिकामे दिसतात, कॅल्शियम कमी पडलं की कवच पातळ होतं. रानातल्या टर्कीचं गणित मुळात वेगळं आहे. दिवस मोठा होऊ लागला की तिच्या शरीराला विणीची खूण मिळते. मार्चअखेर-एप्रिलात ती जमिनीवर, झुडपाच्या बुडाशी किंवा गवताच्या ठोंबात नुसता खळगा करते आणि साधारण रोज एक असं दहा-बारा अंड्यांवर थांबते. शेवटची एक-दोन अंडी होईपर्यंत ती नीट उबवायलाही बसत नाही, म्हणजे सगळी पिल्लं एकदमच बाहेर पडतात. मग अठ्ठावीस दिवस बैठक. हे दहा-बारा अंड्यांचं माप खुराकाने पंचवीसवर जात नाही. घरटं उद्ध्वस्त झालं तर ती दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदा प्रयत्न करते, दर वेळी थोडी कमी अंडी घालते, पण घालते.

म्हणजे जुलैत दिसलेल्या त्या मादीनेही दहा-अकरा अंडी घातलीच असणार. तुम्हाला दोन पिल्लं दिसली. बाकीची आठ-नऊ कुठे गेली, आणि हिवाळ्यातल्या इतर माद्यांची तर एकही का दिसली नाही, हे विचारायला हवं. त्याचं उत्तर खाद्याच्या पिशवीत नाही.

टर्कीची निम्म्याहून जास्त घरटी पिल्लं बाहेर पडायच्या आधीच जातात. काही वर्षी, काही भागात चारांतलं एकच घरटं तडीला जातं. मध्य टेक्ससमध्ये चोरांची यादी लांब आहे: रॅकून, स्कंक, पॉसम, करडा कोल्हा, बॉबकॅट, कावळे, रॅट स्नेक जातीचे लांबलचक साप, आणि अलीकडे रानडुकरं. साप अंडी गिळून निघून जातो, मागे खूणही राहत नाही. रॅकून कवचं विखरून ठेवतो. कधी अंड्यांबरोबर मादीही जाते, कारण उबवण्याच्या शेवटच्या दिवसांत ती जागची हलतच नाही.

यातून वाचून पिल्लं निघाली, की दुसरा फेरा. पिल्लं कोरडी झाली की दिवसाभरात आईमागे चालू लागतात, पण पहिले दहा-बारा दिवस त्यांना झाडावर उडून बसता येत नाही. रात्री ती जमिनीवरच आईच्या पंखाखाली असतात. गार पाऊस झाला की गारठून जातात. ससाणे, कोल्हे, मांजरवर्गीय असतातच. निघालेल्या पिल्लांतली निम्म्याहून अधिक पहिल्या दोन आठवड्यांत संपतात. हा हिशोब ऐकायला वाईट वाटतो, पण मादी तीन-चार वर्षं जगली आणि त्यातलं एखादं साल साधलं तरी कळप टिकतो. एवढी अंडी घालण्याची खोड तिला लागली आहे ती याचसाठी.

आता यात फीडर आणून बसवा. तिपाईवरचा पिंप, खाली टायमरवर फिरणारी चकती, पहाटे आणि संध्याकाळी मका उधळणारी. तुमच्या शेजारच्या आजोबांकडे आहे तोच. त्याच्याखाली ट्रेल कॅमेरा (समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा) लावून आठवडाभर बघा. दिवसा टर्की आणि हरणं दिसतील, ते फोटो तुम्ही नातेवाइकांना पाठवाल. रात्रीचे फोटोही बघा. रॅकूनांची अख्खी कुटुंबं, स्कंक, डुकरं. त्यांना रोजचं अन्नछत्र मिळालं की त्यांची पिल्लावळ चांगली पोसली जाते, ती त्या भागातच वावरू लागतात आणि मक्यावर येता-जाता आसपासचं गवत हुंगत फिरतात. रॅकूनला घरटं शोधायला वेगळं निघावं लागत नाही, वाटेत नाकाला लागलं की झालं. टेक्ससमध्ये नकली घरटी मांडून याचे प्रयोग झाले आहेत, आणि हरणांसाठी ठेवलेल्या फीडरच्या आसपास जमिनीवरची घरटी जास्त लुटली जातात असं त्यांत दिसलं. गंमत अशी, की अंड्यावर बसलेली मादी दिवसातून एकदा, थोडाच वेळ खायला उठते. फीडर जवळ असेल तर ती तिथेच जाणार, आणि तिच्या घरट्याची जागा फीडरच्या आसपास ठरणार. म्हणजे घरटं आणि चोर यांची भेट तुम्हीच घडवून आणलीत.

मक्याबद्दल वडील म्हणतात ते खरं आहे, नुसता मका कामाचा नाही. मक्यात प्रोटीन आठ-नऊ टक्के, कॅल्शियम जवळपास नाहीच. तो थंडीत अंगात ऊब धरायला ठीक, अंडं घडवायला नाही. पण मग लेयर मॅश घाला हा पुढचा सल्ला इथे उलटतो, आणि तो का हे त्यांना एका वाक्यात पटेल: लेयर मॅश पिल्लांना घालत नाहीत. त्यातलं साडेतीन-चार टक्के कॅल्शियम वाढत्या पिल्लाच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. पोल्ट्रीत चिक्स वेगळ्या शेडमध्ये असतात. रानात आईमागे पिल्लं त्याच ढिगाऱ्यावर येणार, 'हे मोठ्यांसाठी, हे लहानांसाठी' अशी पाटी लावून भागत नाही.

मादीला लागणारं कॅल्शियम रान देतं. गोगलगायी, शंख, कीटक, हिरवा पाला, आणि विणीच्या काळात हाडांच्या पोकळीत साठवलेला चुना. हिल कंट्रीतली, म्हणजे तुमच्या मध्य टेक्ससच्या टेकड्यांतली जमीनच चुनखडीची. तिथे शिंपल्याची पूड पसरणं म्हणजे कोकणात नारळ घेऊन जाणं. (लानोच्या बाजूला ग्रॅनाइट वर येतो हे खरं, पण त्याने टर्कीचं अंडं पातळ झालेलं नाही.)

आणि पिल्लांना मका चालतच नाही. पहिल्या काही आठवड्यांत त्यांच्या चोचीत जातं त्यातलं बहुतेक म्हणजे कीटक: नाकतोडे, भुंगेरे, अळ्या, तुडतुडे. त्यांना जवळजवळ अठ्ठावीस टक्के प्रोटीनचा आहार लागतो, तोही स्वतः पळून पकडलेला. रोज हजारो किडे. ते कोणत्याही पिशवीत येत नाहीत. ते तणात असतात, आणि तणाला आपण 'घाण वाढली' म्हणतो.

एक गोष्ट मात्र या खाद्याच्या प्रकरणात मी हलक्यावर घेत नाही, ती म्हणजे बुरशी. १९६० साली इंग्लंडमध्ये एकाएकी टर्कीची पिल्लं मरू लागली. एक लाखाहून अधिक पक्षी गेले. रोगजंतू सापडेना, म्हणून त्याला नुसतं 'टर्की एक्स रोग' म्हणत राहिले. शोध लागला तो खाद्यात: ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीचं विष. आज आपण शेंगदाणे, मका, मिरचीच्या संदर्भात ज्या अफ्लाटॉक्सिनचं नाव घेतो, ते जगाला असं टर्कीच्या मरणातून कळलं. टर्की या विषाला कोंबडीपेक्षा कितीतरी हळवी आहे. चार महिन्यांच्या रानटी टर्कींना अब्ज भागांत शंभर भाग एवढंच विष असलेलं खाद्य दोन आठवडे दिलं, तेवढ्याने त्यांचं खाणं आणि वजनवाढ मंदावली, यकृतावर परिणाम दिसला. रानात ती पाखरं मरून तुमच्या दारात पडत नाहीत. त्यांची प्रतिकारशक्ती खालावते, मग एखादा कोल्हा त्यांना उचलतो आणि दोष कोल्ह्याला जातो.

टेक्ससच्या उकाड्यात पाऊस पडून गेल्यावर फीडरखालचा मका, किंवा पिंपाच्या तळाशी गोळा झालेला मका, या बुरशीला हवा तसाच. म्हणून पुढे कधी मका आणलाच तर पिशवीवर अफ्लाटॉक्सिन अब्ज भागांत वीसपेक्षा कमी असल्याचा उल्लेख बघा, ढीग घालू नका, उरलेला ओला दाणा झाडून टाका. ऊन दाखवून हे विष जात नाही.

आता शेजारच्या आजोबांचं, 'सगळ्या इथेच राहतील.' नाही राहणार. तुमच्याकडच्या टर्की रिओ ग्रँड उपजातीच्या, आणि त्यांची रीतच अशी की हिवाळ्यात ओढ्या-नदीकाठच्या उंच झाडांवर मोठा जमाव करायचा आणि वसंतात चारी दिशांना पांगायचं. मादी घरट्यासाठी कैक मैल लांब जाते. म्हणजे तुमच्या पेकनवर झोपणारी मादी एप्रिलात तिसऱ्या-चौथ्या रँचवर अंडी घालत असेल, आणि जुलैत तुम्हाला दिसलेली दुसरीकडून आली असेल. साठ एकर तुमच्या दृष्टीने मोठं रान आहे, टर्कीच्या दृष्टीने ते येण्याजाण्याच्या वाटेवरचं अंगण. यात निराश होण्यासारखं काही नाही. तुमच्याकडे मुक्कामाची झाडं आहेत, आणि ती सहजी मिळत नाहीत. संध्याकाळी त्यांच्याखाली गाडी नेऊ नका, तिथे शेकोटी-पार्टी करू नका, फांद्या 'साफ' करू नका. हिवाळी मुक्काम मोडला की शेजारपाजारचा सगळा कळप हलतो.

आजोबांच्या बाजूने एक मुद्दा मात्र आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. दुष्काळ. दक्षिण आणि मध्य टेक्ससमध्ये टर्कीची वीण पावसावर चालते. आधीच्या हिवाळ्यात-वसंतात पाऊस झाला तर कोवळा पाला येतो, किडे येतात, गवत वाढतं, आणि जवळजवळ सगळ्या माद्या घरटं करतात. २०११ सारखं साल आलं, टेक्ससच्या नोंदीतला सर्वांत कडक एका वर्षाचा दुष्काळ, की बऱ्याच माद्या अंड्यांच्या फंदात पडतच नाहीत. अशा वेळी मादीचं अंग भरलेलं असणं कामी येतं. दक्षिण टेक्ससमध्ये पूरक खाद्य देऊन टर्कीची वीण वाढते का, याचा एक अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. खाद्याचा फायदा दाखवणारा म्हणून त्याचा दाखला आजही दिला जातो. मी तो नाकारत नाही. पण तो कोरडा, काटेरी मुलूख होता. दुष्काळात खाद्याने मादी घरटं करायला धजली, तरी ते घरटं लपवायला गवत नसतं, पिल्लांना किडे नसतात. पहिली पायरी चढवली, पुढच्या दोन गायब.

तरीही पुढे कधी हिवाळा पूर्ण कोरडा गेला आणि तुम्हाला हातावर हात ठेवून बसवेना, तर जानेवारी-फेब्रुवारीत वीसेक टक्के प्रोटीनच्या पेलेट्स थोड्या थोड्या, जागा बदलत, उघड्यावर घाला. भोवती डुकरं शिरणार नाहीत असं कुंपण करा, टर्की ते उडून ओलांडते. आणि मार्च उजाडायच्या आत बंद. ही मी ओढलेली रेघ आहे, कायद्याची नाही.

कायद्याचं थोडक्यात. तुमच्या भागात खाद्य घालायला आडकाठी नाही, पण पूर्व टेक्ससमधल्या ज्या काउंट्यांत ईस्टर्न उपजातीच्या टर्कीची शिकार खुली असते तिथे आमिषावर शिकार चालत नाही, आणि इतर अनेक राज्यांत नियम याहून कडक आहेत. न्यू जर्सी किंवा मिशिगनातल्या मेव्हण्याला 'टेक्ससमध्ये चालतं' म्हणून फीडर भेट देऊ नका.

तुमच्या पत्नींचं म्हणणं मला सर्वांत जवळचं वाटतं, फक्त 'काहीच करायचं नाही' इथे त्या थांबत असतील तर थोडं पुढे जायला हवं. १९३० च्या दशकात अख्ख्या अमेरिकेत फार तर दोन लाख रानटी टर्की उरल्या होत्या. आज साठ लाखांच्या घरात आहेत. खाद्य घालून हे झालं नाही. पिंजऱ्यात वाढवलेल्या टर्की रानात सोडण्याचा प्रयोग वर्षानुवर्षं केला, ती पाखरं कोल्ह्यांच्या पोटात गेली. जमलं ते असं: रानटी कळप जाळ्यात पकडायचे आणि जिथे रान पुन्हा उभं राहिलंय तिथे नेऊन सोडायचे. यासाठीचा पैसा बंदुका-काडतुसांवरच्या करातून आला, १९३७ च्या कायद्याने तो वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. तोफेसारखी उडणारी जाळी वापरायचे, आणि टर्की त्या जाळ्यासमोर गोळा व्हाव्यात म्हणून पसरायचे मका. टर्कीच्या इतिहासात मक्याने केलेली खरी मोठी सेवा एवढीच.

आता टॅक्स, कारण मला वाटतं पत्राचं अर्धं मूळ तिथे आहे. टेक्ससमध्ये शेतजमिनीची सवलतीची कर-आकारणी वन्यजीव व्यवस्थापनावर चालू ठेवता येते, १९९५ च्या घटनादुरुस्तीपासून. अट अशी की जमीन आधीच्या वर्षी शेतीच्या आकारणीत असली पाहिजे, आणि सात उपायांपैकी किमान तीन दर वर्षी करायचे: अधिवासाची निगा, धूप रोखणं, भक्षकांचं नियंत्रण, पूरक पाणी, पूरक खाद्य, निवारा आणि मोजणी. खाद्य सातांपैकी एक आहे, सक्तीचं नाही. अनेकांना फीडर हा सोपा उपाय वाटतो, कारण पावती मिळते. पण तुम्ही पाणी, अधिवास आणि मोजणी एवढ्यावर तीन सहज भरता, आणि ते तिन्ही टर्कीच्या खऱ्या उपयोगाचे. खाद्याचा रकाना भरायचाच असेल तर छोटा फूड प्लॉटही (वन्यजीवांना खायला पेरलेला जमिनीचा तुकडा) त्यात धरतात. अर्ज आणि आराखडा काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे (करासाठी जमिनीचं मूल्य ठरवणारं कार्यालय) एप्रिल संपायच्या आत द्यायचा. टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या जीवशास्त्रज्ञाला रान दाखवायला बोलवा. त्यासाठी ते पैसे घेत नाहीत, आणि तुमच्या एडवर्ड्स पठाराच्या भागासाठी काय मान्य होतं हे त्यांना नेमकं माहीत असतं.

मग रानात काय करायचं? बहुतेक गोष्टी करायच्या नाहीत अशाच आहेत.

गवत राहू द्या. मादीला घरट्यासाठी दीड-दोन फूट उंच, बुडाशी दाट आडोसा लागतो: लिटल ब्लूस्टेमसारखी ठोंब धरणारी गवतं, त्यात एखादं अगरिटाचं काटेरी झुडूप किंवा फड्या निवडुंगाची जाळी. काटा दिसला की उपटायचा ही आपली सवय इथे आवरा. अगरिटाची फळं एप्रिल-मेमध्ये आणि निवडुंगाची बोंडं उन्हाळ्याअखेरीस टर्की आवडीने खाते. ठोंबाच्या गवताचं दुसरं सुख असं की दोन ठोंबांमध्ये उघडी माती असते, पिल्लांना तिथून धावता येतं. बर्म्युडासारखं गालिचा होणारं गवत दिसायला छान, पण तळहाताएवढ्या पिल्लाला ते भिंतीसारखं. पिल्लांसाठी घरट्याच्या जागेला लागून जरा विरळ, तणाचा, किड्यांनी भरलेला पट्टा असला की उत्तम. कोणी तुमच्याकडे गाई किंवा शेळ्या चरायला सोडत असेल तर संख्येवर नजर ठेवा. हिवाळ्यातून गवत उभं राहिलं पाहिजे, कारण एप्रिलातलं घरटं गेल्या वर्षीच्या वाळल्या गवतात होतं, नव्या पावसाच्या गवतात नाही. ही गोष्ट नव्या मालकांच्या लक्षातच येत नाही. ते फेब्रुवारीत 'वसंताची तयारी' म्हणून सगळं श्रेडरने, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या गवत कापायच्या यंत्राने कापून टाकतात.

श्रेडर एप्रिलपासून जुलै मध्यापर्यंत शेडमध्येच ठेवा. बसलेली मादी ट्रॅक्टर अगदी अंगावर येईपर्यंत हलत नाही. आणि घरटं शोधायलाही जाऊ नका, मुलांना दाखवायला तर नाहीच. सुरुवातीच्या दिवसांत उठवलेली मादी पुष्कळदा परतच येत नाही, आणि तुमच्या पावलांच्या वाटेवरून रात्री दुसरं कोणी जातं.

सीडर काढायचं सगळे सुचवतील. काढा, पण तुकड्या-तुकड्याने, आणि जुनं सालपटं सुटलेलं सीडर जिथे ओकांबरोबर दाट आहे तिथे हात लावण्याआधी विचारा. गोल्डन-चीक्ड वॉर्बलर हा चिमुकला पक्षी जगात फक्त मध्य टेक्ससमध्ये वीण करतो, आणि त्याचं घरटं त्या जुन्या सीडरच्या सालपटांनी विणलेलं असतं. तो १९९० पासून संकटग्रस्त यादीत आहे. टर्कीच्या भल्यासाठी त्याचं घर मोडायला नको.

पाण्यासाठी जमिनीलगत, बुटकी टाकी बसवा आणि तिच्यात उतरता दगडी काठ ठेवा, म्हणजे आत पडलेलं पिल्लू चढून येईल. रॅकून पकडायचे सापळे लावावेत का, असं पुढचं पत्र येईलच, म्हणून आताच: साठ एकरवर रिकामी झालेली जागा काही आठवड्यांत शेजारचे रॅकून भरून काढतात. त्यापेक्षा डुकरांचे सापळे लावा, त्याचा जमिनीलाही फायदा आहे. आणि शेजारच्या आजोबांशी बोला. त्यांचा फीडर कुंपणापासून शे-दोनशे यार्ड आत सरकवायला आणि एप्रिल-मे-जून बंद ठेवायला ते तयार झाले, तर तुमच्या साठ एकरातल्या कोणत्याही कामापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. मका वाचतो हे आधी सांगा, टर्कीचं नंतर.

वडिलांना मोजणीचं काम द्या. सहा महिन्यांच्या मुक्कामात दुपारी काय करायचं हा प्रश्न त्यांना पडत असणारच. जून ते ऑगस्ट राज्याचं टर्की सर्वेक्षण चालतं, दिसलेल्या टर्की ऑनलाइन नोंदवता येतात, आणि हीच वही टॅक्सच्या 'मोजणी'लाही पुरावा म्हणून जोडता येते. नियम एकच: मादी दिसली की पिल्लं मोजायची, आणि पिल्लांविना दिसलेली मादीही लिहायची. लोक तीच विसरतात. दहा माद्या आणि दोन पिल्लं, की एक मादी आणि दोन पिल्लं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तुमच्या पत्रात मला नेमकं तेच कळलं नाही.

राहिल्या कोंबड्या. पाळा, पण ओढ्यापासून आणि पेकनपासून लांब, बंद खुराड्यात, आणि त्यांचं खत रानात पसरू नका. कोंबडीच्या पोटातल्या जंतांच्या अंड्यांतून ब्लॅकहेड नावाचा रोग पसरतो. कोंबडी तो अंगावर काढते, टर्की मरते. पोल्ट्रीवाल्याला हे वेगळं समजावायला लागू नये. संगमनेरला त्यांनी टर्की पाळल्या नसतील, एवढंच.